मोटर की मूठ: वर्ध्यातले काही दिवस

मी वर्ध्याला गेले ती मूठ आवळायला शिकायला. हे ऐकून आमच्या चिपळुणातल्या शेजारीणबाईंनी मी योगासनांच्या शिबिराला चाललेय असं परस्पर ठरवून टाकलं, आणि गुडघ्यांसाठी काही असलं तर विचारून या म्हणाल्या. खरा प्रकार असा, की मी सर्जन आहे, पोटाच्या शस्त्रक्रिया करते, आणि माझे हात लहान आहेत. हातमोज्यांचा सगळ्यात लहान नंबर मला लागतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. उलट खोल, अडचणीच्या जागी लहान हात बरा पडतो. अडतं ते एकाच ठिकाणी.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली कॅन्सरची गाठ काढली, की उरलेली दोन टोकं जोडायची असतात. पूर्वी हे सुईदोऱ्याने व्हायचं. आता त्यासाठी गोल तोंडाचा, लांब दांड्याचा स्टेपलर असतो. एक डॉक्टर वरून उघड्या पोटात बघतो आणि दुसरा खालून, गुदद्वाराच्या वाटेने, स्टेपलर आत घालतो. तो दोन्ही टोकं एकमेकांवर दाबतो, बारीक पिनांच्या गोल ओळी मारतो आणि मधलं जास्तीचं आतडं कापतो. हे सगळं घडतं मागची मूठ दाबल्यावर. ती मूठ ज्या कुणी घडवली, त्याने एखाद्या सहा फुटी गृहस्थाचा पंजा समोर ठेवून घडवली असावी. माझी बोटं तिच्याभोवती जेमतेम पोचतात. मूठ अर्धवट दाबली गेली तर जोड अर्धवट होतो, आणि अर्धवट जोड म्हणजे आतड्यातली घाण पोटात गळणार. सुरुवातीला काही वेळा मी भीतभीत स्वतः दाबून पाहिली, मग तो नाद सोडला. तेव्हापासून सगळी शस्त्रक्रिया मी करायची आणि त्या एका क्षणाला माझ्या हाताखालच्या उंचापुऱ्या पोराला म्हणायचं, "दाब रे." असं चाललं होतं.

यंदा आमच्या हॉस्पिटलच्या प्रमुखांनी विचारलं, "मग या केसेस सरळ त्यालाच का देऊ नयेत?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. आता मोटरवर चालणारे स्टेपलर निघालेत, बटण दाबलं की काम होतं. ते मागवा असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण माझा हात पुरत नाही म्हणून यंत्र द्या, असं म्हणायला जीभ रेटेना. घरी येऊन मी ठरवलं की हा जोड एकतर स्वतः मारायचा, नाहीतर हे काम सोडून द्यायचं. आणि संघमित्राला फोन लावला.

संघमित्रा ही माझी हॉस्टेलची मैत्रीण. वर्ध्याच्या एका हॉस्पिटलात सर्जन आहे आणि माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे. पुण्यात शिकताना सगळे तिच्या वऱ्हाडी बोलण्याची टर उडवायचे. तिने ते बोलणं बदललं नाही, शेवटी टर उडवणारेच 'का'च्या जागी 'काऊन' म्हणायला लागले. माझं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "कंपनीवाला मोटरचा स्टेपलर घेऊन येऊन राह्यला आमच्याकडं. काही दिवस ठेवणार आहे. हाताचे त आहेतच. तू येजो, दोन्ही चालवून पाह्यजो, मंग काय रडायचं थे रड."

मी रजा टाकली.

पुलगावच्या आसपास

मुंबईहून निघालेली गाडी सकाळी विदर्भात शिरली तेव्हा मी खिडकीशी होते. डोंगराशिवाय एवढी जमीन मी सलग कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे नजर टाकावी तिथे काहीतरी आडवं येतं, घाट, माड, नाहीतर शेजाऱ्याचं कुंपण. इथे काळी माती पार आभाळापर्यंत गेलेली, आणि तिच्यात कापूस फुटलेला. वेचणीला आलेल्या बायका ओळीने वाकलेल्या दिसत होत्या.

समोरच्या बाकावर पुलगावला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी डबा उघडून उकडलेल्या तुरीच्या शेंगा माझ्यापुढे केल्या आणि विचारलं, "काऊन चालल्या वर्धेले? लग्न हाये काय?"

मी म्हटलं, कामासाठी. डॉक्टर आहे, शिकायला चाललेय.

"आता या वयात शिकून राह्यल्या?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आणखी मूठभर शेंगा वाढल्या. "मंग त खा. शिकनाऱ्याले भूक लागते."

शेंगा सोलताना मी त्यांचे हात पाहत होते. हल्ली मला भेटणाऱ्या प्रत्येकाचे हात मी मापून पाहायचे, ही खोडच लागली होती. त्यांचे माझ्याएवढेच होते.

नालवाडी

संघमित्राचं घर वर्ध्याच्या कडेला, नालवाडीत. घरात ती, तिचे शिक्षक असलेले यजमान आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली आई म्हणते, मीही म्हणू लागले. पहिल्याच जेवणाला पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी होती. आमच्याकडे वडी म्हणजे खोबरं भुरभुरवून हळुवार खायची वस्तू. ती अशी लालभडक रश्शात पोहताना पाहून मला तिची काळजी वाटली, मग पहिल्या घासानंतर स्वतःची. डोळ्यांतून पाणी यायला लागल्यावर आई म्हणाल्या, "तुमच्यासाठी तिखट कमी टाकलं बाप्पा." त्या खरंच तसं समजत होत्या.

दुपारी संघमित्रा पिशवी घेऊन आली. तिच्यात खाटकाकडून आणलेलं बोकडाचं आतडं होतं, स्वच्छ धुतलेलं. दुसऱ्या पिशवीत मुदत संपलेले हाताचे स्टेपलर. ते पेशंटला वापरता येत नाहीत म्हणून तिने शिकवायला राखून ठेवलेले. तिने स्वयंपाकघरातली परात मागितली तर आईंनी ती पाठीमागे धरली.

"परात नाई भेटनार. त्यात मी कणीक भिजवतो."

शेवटी एक जुनं घमेलं मिळालं आणि अंगणात आमची शाळा भरली.

पहिल्या खेपेला मी मूठ दाबली आणि ती अर्ध्यावर अडकली. बोटं घसरली, दांडा हलला, आतड्यावर पिनांची अर्धीच ओळ उमटली. मला एवढा राग आला की मी तो स्टेपलर घमेल्यात आपटला.

"आपटून काय होते?" संघमित्रा शांतपणे म्हणाली. "मोटर वाईट आहे असं मी नाई म्हणत. चांगलीच आहे. पण मोटर बंद पडली त तू काय करशीन, हे मले आधी दाखव."

मग तिने मला लाकडी पाटावर बसवलं. कोपरं मांड्यांवर टेकवायला लावली, म्हणजे दांडा हलत नाही. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी मूठ धरायची. जोर बोटांचा लावायचा नाही, तळव्याच्या बुडाचा लावायचा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे टोकं एकमेकांवर दाबून झाली की लगेच मूठ दाबायची नाही, थांबायचं. दाबलेल्या आतड्यातलं पाणी हळूहळू निघून जातं, आतडं पातळ होतं, मग पिना बसायला जोर कमी लागतो. हे थांबणं पुस्तकात मीही वाचलं होतं आणि वेळ आली की घाईघाईने उरकत होते, कारण मूठ दाबायची भीती लवकर संपवायची असायची.

दुसऱ्या दिवशी आतडं नवीन आणलं. तिसऱ्या दिवशीही. खाटकाने संघमित्राला विचारलं म्हणे, घरी पाहुणे फार झालेत काय. माझे तळवे सुजले, रात्री भाकरी मोडताना दुखायचे. आई खोबरेल गरम करून आणून द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. शेवटी शेवटी जोड पुरे व्हायला लागले. कापून बाहेर आलेलं आतड्याचं गोल कडं संघमित्रा बोटावर घेऊन बघायची. कडं अखंड असेल तर जोड पुरा. ती मान हलवायची आणि म्हणायची, "अजून एक."

कारंजा

रविवारी संघमित्राला कारंजा घाडगेला जायचं होतं, म्हणून मी बरोबर गेले. नागपूर-अमरावती रस्त्यावर हे गाव, ट्रकांची रांग आणि ढाबे. त्यातल्या एका ढाब्यावर आम्ही थांबलो. मालकीणबाई म्हणजे कौसल्याबाई, संघमित्राची पेशंट. शस्त्रक्रिया तीन दिवसांवर आली होती आणि त्या अजून तंदूरपुढे उभ्या होत्या. ट्रक ड्रायव्हरांना ओरडून जागेवर बसवत होत्या, आणि ते निमूट बसत होते.

त्यांनी आम्हाला रोट्या आणि वांग्याची भाजी वाढली, मग हात पुसत समोर बसल्या.

"पोटावर पिशवी लावनार का मले?" त्यांनी सरळ विचारलं. "खरं सांगा. तंदूरच्या तोंडाशी उभी राह्यते मी दिवसभर. पिशवी लावून कसं होईन?"

संघमित्राने त्यांना समजावून सांगितलं. गाठ फार खाली नाही. दोन्ही टोकं नीट जोडली गेली आणि जोडाची तपासणी चांगली निघाली, तर पिशवी लागणार नाही. जोडाबद्दल शंका आली तर मात्र आतड्याचं तोंड पोटावर आणून काही महिने मळाची पिशवी लावावी लागेल. मग तिने माझी ओळख करून दिली. म्हणाली, या डॉक्टर बाहेरगावच्या आहेत, हॉस्पिटलची परवानगी काढली आहे, तुमची हरकत नसेल तर मोटरच्या मशीनने जोड या मारतील, मी बरोबर असेन.

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "यायचा हात येवढासाक हाये," त्या म्हणाल्या.

"मशीनला जोर लावायचा नसतो," मी म्हटलं. हे खरं होतं, पण बोलताना माझे सुजलेले तळवे मी टेबलाखाली घेतले.

निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली आणि आम्ही नको म्हटल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर स्वतः नेऊन ठेवली.

थिएटर

मोटरचा स्टेपलर मी पहिल्यांदा चालवला तो पुलगावच्या एका निवृत्त गिरणी कामगारावर. जाडसर पिस्तुलासारखी मूठ, आत मोटर आणि बॅटरी. तिच्यावर निर्जंतुक कवच चढवायचं, पुढचा दांडा दर पेशंटला नवा. जुळवाजुळव हाताने करायची, थांबायचं, दिवा हिरवा झाला की बटण दाबायचं. एक बारीक घरघर झाली आणि संपलं. हाताला काहीच करावं लागलं नाही, म्हणून टोक जागचं हललंही नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. हाताने दाबताना कितीही जपलं तरी आत थोडा हिसका बसतोच. एक गोष्ट मात्र चुकल्यासारखी वाटली. हाताच्या स्टेपलरमध्ये पिना बसताना तळव्याला कळतं. इथे नुसता दिवा सांगतो, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तरीही मी त्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडले ती हवेत. परत गेल्यावर काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवू लागले होते.

कौसल्याबाईंच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही मोटर तपासायला घेतली तर दिवा लागेना.

थिएटरच्या प्रमुख शोभा सिस्टर. त्यांच्या राज्यात कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय रात्री कपाटात जात नाही. औषधाच्या पाण्यात भिजवायची, घासायची, विसळायची, पुसायची, मग गुंडाळायची. याच शिस्तीमुळे त्या थिएटरमध्ये जखमा चिघळत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं होतं. कंपनीच्या माणसाने मोटरची मूठ नुसती फडक्याने पुसायची असं सांगितलं होतं खरं, पण ते सांगितलं आम्हा डॉक्टरांना, आणि सिस्टर तेव्हा कापसाच्या पट्ट्या मोजत होत्या. गिरणी कामगाराच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी ती मूठ सगळ्या अवजारांबरोबर पाण्यात बुडवली. चांगली घासली. आता ती इतकी चकचकीत होती की तिच्यात तोंड दिसावं.

सिस्टरांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "रक्त लागलेली वस्तू न धुता ठेवाव, असं मले आजवर कोनं सांगतलं नाई."

संघमित्रा म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आम्ही सांगायले पाह्यजे होतं." तिने तो विषय तिथेच मिटवला. मी तिच्या जागी असते तर आरडाओरडा केला असता, हे मला माहीत आहे.

मग ती माझ्याकडे वळली. "हाताचे नवे आहेत कपाटात. मी दाबते."

ते अगदी सोपं होतं. पेशंटही तिचीच. मी चिपळूणला परत जाऊन सांगितलं असतं, मोटर उत्तम आहे, मागवा. पण त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं, की आज मी बाजूला सरकले तर पुढे कायमची सरकेन, मग मोटर येवो की न येवो. दुसऱ्या बाजूला टेबलावर एक बाई येणार होती, तिच्या पोटावर माझा हट्ट पुरवायचा नव्हता. मी संघमित्राला विचारलं, "माझ्या जागी दुसरी कुणी असती, अंगणात मी मारले तसे जोड मारणारी, तर तू तिला दाबू दिलं असतंस का?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही. "दिलं असतं," ती म्हणाली. "पण पेशंटले सांगून."

कौसल्याबाई बाहेर स्ट्रेचरवर होत्या. भूल द्यायची बाकी होती. मी त्यांना सगळं सांगितलं. मोटर बंद पडलीय. आता जोर हाताचा लागेल. मी मारेन किंवा तुमच्या मॅडम मारतील, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी माझा हात मागितला. मी दिला. त्यांनी तळवा उलटा केला, सुजलेला भाग अंगठ्याने चाचपला.

"हे कशानं झालं?"

"शिकून राह्यले होते," मी म्हटलं. माझ्या तोंडून तसंच निघालं.

"मंग तुमीच मारा," त्या म्हणाल्या. "पन अर्ध्यात नका सोडू."

गाठ निघायला बराच वेळ लागला. मग मी खालच्या बाजूला जाऊन बुटक्या स्टुलावर बसले, कोपरं मांड्यांवर टेकवली. संघमित्रा वरून पोटात बघत होती. स्टेपलर आत गेला, टोकं जुळली, मी स्क्रू फिरवून ती दाबली. मग थांबलो. त्या थिएटरची पद्धत आहे, या थांबण्यात कुणी बोलत नाही, कुणी टेबलाला हात लावत नाही. शोभा सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. पूर्वी याच वेळात मला घाम फुटायचा. आता मी नुसती बसून राहिले आणि आतड्याला पातळ व्हायला वेळ दिला.

"मार," संघमित्रा म्हणाली.

मी तळव्याच्या बुडाने दाबलं. मूठ निम्म्यावर आली आणि जड झाली, तिथेच, जिथे ती नेहमी अडकायची. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तळव्यातून कळ खांद्यापर्यंत गेली. मी सोडलं नाही, हिसका दिला नाही, तेवढाच जोर लावत राहिले. मग आत कुरकुर करत मधलं जास्तीचं आतडं कापलं गेलं आणि मूठ शेवटपर्यंत जाऊन टेकली.

स्टेपलर बाहेर काढला. आतली दोन टोकांची दोन कडी संघमित्राने बोटावर घेतली, प्रकाशात धरून फिरवली. दोन्ही अखंड. मग तिने पोटात पाणी भरलं आणि मी खालून आतड्यात हवा सोडली. जोडाला भोक असेल तर सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे येतात. सगळे त्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी स्थिर होतं.

"पिशवी नाई," संघमित्रा म्हणाली. शोभा सिस्टरांनी मास्कच्या आड मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

वाट पाहणं

एवढ्यावर काम संपत नाही. जोड गळायचा असेल तर पुढच्या काही दिवसांत गळतो, आणि आतडं चालू झाल्याची पहिली खूण म्हणजे पेशंटचा वारा सरणं. जगात दुसरीकडे कुठे या गोष्टीची इतक्या आतुरतेने कुणी वाट पाहत नसेल. मी रजा वाढवली. सकाळी नागपुरी तर्रीपोहे खायचे (त्या तर्रीशी, म्हणजे लाल तिखट रश्शाशी, एव्हाना माझा समेट झाला होता), हॉस्पिटलात जायचं, कौसल्याबाईंचं पोट तपासायचं, ताप बघायचा आणि तोच एक प्रश्न विचारायचा. त्या मान हलवायच्या. दुसऱ्या दिवशी थोडा ताप आला तेव्हा मला जेवण गेलं नाही. आईंनी डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात केला होता, तोही ताटात तसाच राहिला. मनात एकच यायचं, की शेवटच्या त्या जड टप्प्यात माझा हात हलला तर नसेल ना. ताप संध्याकाळी उतरला. छातीतल्या कफाचा होता.

पुढे एका सकाळी मी वॉर्डात शिरले तर कौसल्याबाई उशाला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या मॅडम. सरला वारा. पहाटेपासून सरूनच राह्यला, थांबतच नाई."

वॉर्ड हसला. मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले आणि मला रडू आलं. त्यांनी मला पाणी दिलं.

मी निघायच्या आधी त्या घरी गेल्या, पोटावर नुसती टाक्यांची रेघ घेऊन. कंपनीच्या माणसाने नवी मोटर पाठवली. या खेपेला फडक्याने पुसण्याची गोष्ट संघमित्राने शोभा सिस्टरांना समोर बसवून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्या फडक्याले कोनतं औषध लावाव?" स्टेशनवर संघमित्रा मला सोडायला आली. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "पोचली की फोन कर. अन् तळव्याले तेल लाव."

चिपळूण

परत आल्यावर पहिली केस आली तेव्हा मी खाली स्टुलावर बसले आणि उंच पोराला वर उभं केलं. जोड मीच मारला. नंतरचेही मीच मारले. मग खरेदीची बैठक होती. तिथे मी मोटरच्या स्टेपलरची मागणी मांडली. टोक आत हलत नाही, जोर सगळीकडे सारखा पडतो, मूठ कुणाच्याही हातात बसते. तो महाग आहे आणि नीट वापरला नाही तर बंद पडतो, हेही सांगितलं, आणि हाताचेही कपाटात ठेवावे लागतील असं म्हटलं.

प्रमुखांनी चष्मा काढला. ते गोंधळलेले दिसत होते.

"पण मॅडम, आता तर तुम्हाला हाताने जमतं. मग मोटर कशाला?"

"जमत नव्हतं, तेव्हा मागायची लाज वाटायची," मी म्हटलं. "आता जमतं, म्हणूनच मागतेय."